आधी अपडेट, मग तार

अन्वर, तुला जिन्यावरून ढकललं तेव्हा आत लॅबमध्ये सर्व्हरवर अपडेट चालू होतं. मी तुझ्यामागं धावले. खाली तुझ्या डोक्याखालून रक्त पसरत होतं, त्यावर ओढणी दाबून धरली, रिक्षात तुझं डोकं मांडीवर घेतलं. आणि दवाखान्याच्या बाकावर एकटी बसल्यावर डोक्यात पहिला विचार आला तो हा, की ते मशीन आता दुसरी सीडी मागत असेल आणि घालायला तिथं कुणी नसेल. मला या विचाराची लाज वाटली नाही. तू शुद्धीवर आला असतास तर तूही पहिलं तेच विचारलं असतंस.

तू शुद्धीवर आलाच नाहीस. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलास.

तेव्हापासून लोक तुझ्याबद्दल गोड बोलून राहिलेत. लई शांत माणूस होता म्हणे. कुणाच्या अध्यात ना मध्यात. औशाला तुझ्या घरी बसायला आलेल्या एका मास्तरानं हे माझ्यासमोर म्हटलं, आणि आतल्या खोलीतून शाहीननं माझ्याकडं बघितलं. तुझ्या बायकोला आणि मला दोघींनाही माहीत होतं, तू शांत नव्हतास. तुझ्या हातून फुटलेल्या वस्तू मी पाहिल्यात. लॅबच्या दाराची कडी तू लाथेनं तोडली होतीस. पंख्याचं रेग्युलेटर भिंतीतून उपटलं होतंस, कारण ते करकरत होतं आणि तुला काम सुचत नव्हतं.

माझी तुझी ओळखच मारामारीनं झाली. मी उदगीरची, भांड्यांच्या दुकानात वाढलेली. घरात रोज लिंगपूजा, आवाज कुणाचा चढायचा नाही. संगणकाचा डिप्लोमा केला आणि लातूरच्या त्या क्लासमध्ये लॅब सांभाळायला लागले. पहिल्याच दिवशी नवीन टाकलेल्या सिस्टिमवर मी थेट रूट म्हणून काम करत बसले होते. तू मागून आलास, बघितलंस, आणि माझ्या हाताखालचा कीबोर्ड ओढून भिंतीवर फेकलास. बटणं सगळ्या लॅबभर.

"रूट म्हणजे मशीनचा मालक," तू म्हणालास. "मालकाच्या हातानं रोजचं काम करायचं न्हाई. एक चूक झाली की सगळं घर खाली येतंय."

मी खाली बसून बटणं गोळा केली आणि तुला म्हटलं, "परत असं केलंस तर हा कीबोर्ड तुझ्या डोक्यात घालीन." मग तू बाहेर जाऊन सुशीलाच्या, त्या फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, दोन प्लेटा घेऊन आलास, एक माझ्यापुढं ठेवलीस आणि चुरमुरे खात खात मला साधा युजर कसा बनवायचा ते शिकवलंस. माफी मागितली नाहीस. पण त्याच दिवशी रूटचा पासवर्ड मला सांगितलास. तो क्लासच्या मालकालासुद्धा माहीत नव्हता. अन्वर, त्याआधी कुणी मला कशाचीही किल्ली दिली नव्हती. दुकानाचीसुद्धा नाही. हे तुला सांगायचं राहिलं.

त्या मालकाला सगळे मोठे सर म्हणायचे. लातूरभर त्यांचे फलक, फलकांवर डॉक्टर होणाऱ्या पोरांचे फोटो. मराठवाड्याच्या कुठल्या कुठल्या गावांतून आईबाप पोरं घेऊन यायचे, खोल्या करून राहायचे, आणि सरांच्या पाया पडून म्हणायचे, "मारा सर, पण डॉक्टर करा." सर मारायचे. मोटारीच्या पंख्याचा रबरी पट्टा त्यांच्या टेबलावरच असायचा. दरवर्षी पोरं वाढत आणि इमारतीवर एक मजला चढत असे. आपली लॅब सगळ्यात वर होती. वरचा जिना झाला होता, पण कठडा व्हायचा होता. काठाला लोखंडी सळया उघड्या. तू रोज त्या जिन्यावरून भिंतीला हात लावत चढायचास आणि रोज सरांना म्हणायचास, आधी कठडा बांधा. ते म्हणायचे, निकाल लागू दे.

चोरीच्या सॉफ्टवेअरवरून कुठंतरी धाड पडल्याचं ऐकून सर घाबरले, म्हणून मी यायच्या आधीच तू त्यांच्या गळी लिनक्स ही सिस्टिम उतरवली होतीस. फुकट आणि कायद्याचं. त्यांना तेवढंच कळलं. पण सिस्टिम टाकली की काम संपलं असं त्यांना वाटायचं, आणि तुझ्या लेखी तिथं काम सुरू व्हायचं. मला तू समजावलंस ते अजून तुझ्याच आवाजात ऐकू येतं. सीडीवर जी सिस्टिम येते ती सीडी बनली त्या दिवसाची असते. त्यानंतर तिच्यात किती भोकं सापडली, ती जगातल्या सगळ्या चोरांना माहीत असतात. तशीच तार जोडली तर दार उघडं टाकून झोपल्यासारखं. म्हणून नवीन मशीनवर आधी रूटला पक्का पासवर्ड, मग साधा युजर, मग नको त्या सेवा बंद, मग अपडेट, आणि अपडेट पूर्ण झाल्यावरच भिंतीतली नेटवर्कची तार. क्लासच्या फोनलाइनवर अपडेट उतरायचं नाही, लाइन तुटायची. म्हणून तू ते सीडीवर भरून आणायचास.

मी वाद घालायचे. चालतंय त्याला हात कशाला लावायचा? अपडेटनं एकदा छापायचं मशीन बंद पडलं होतं, पोरांचे सराव पेपर अडकले होते, सगळ्या शिव्या मी खाल्ल्या होत्या. तू म्हणायचास, "बंद पडलं तर दिसतंय. उघडं असलं तर दिसत न्हाई." मी म्हणायचे, तुला सगळीकडं चोरच दिसतात. हा वाद आपण जिन्यात, बसमध्ये, चहाच्या गाड्यावर घातला, एकदा तर तुझ्या घरी जेवताना. शेवटी शाहीननं दोघांच्या ताटांतली भाकरी उचलून घेतली होती.

आणि मग मुदखेडला तू ते सांगितलंस.

अपडेटच्या सीडी आणायला आपण दोघं तुझ्या दोस्ताकडं गेलो होतो. तो विष्णुपुरीच्या कॉलेजात लॅबला आणि राहायला मुदखेडला. त्याची गाडी यायची होती, आपण दुपारचं स्टेशनवर बसलो होतो. एक मालगाडी शंटिंग करत होती. डबे एकमेकांवर आदळले, फलाट हादरला, आणि तू बाकावरून उठून उघड्यावर जाऊन उभा राहिलास. चेहरा पांढरा. मी पाणी दिलं. मग तू बोललास.

मराठवाड्यात तो मोठा भूकंप झाला त्या रात्री तू घराबाहेर, बैलांजवळ झोपला होतास. घर दगडमातीचं, भिंती हातभर जाड, वर माळवदाची माती. उजाडलं तेव्हा घराच्या जागी ढीग होता. अम्मी आणि दोन बहिणी त्याच्याखाली. धाकटीचा आवाज येत होता. तू हातानं उकरत होतास. नखं गेली तरी उकरत होतास. तिसऱ्या प्रहराला आवाज थांबला. लष्कराचे जवान आले, त्यांनी तुला ढिगावरून ओढलं, तर तू एकाच्या मनगटाला चावलास. रक्त आलं. त्यानं तुला मारलं नाही. तुला तसाच छातीशी धरून बसला. आणि पुढं कुणीतरी अम्मीचा फोटो काढायला लागला, तर तू कॅमेऱ्यावर दगड घातलास.

"आधी तडे गेले होते भिंतीला," तू म्हणालास. "त्याच्या आधी बारके बारके हादरे येऊन राहिले होते. अब्बा म्हणले, पाऊस उघडला की बघू."

एवढंच बोललास. दोस्ताची गाडी आली, आपण सीडी घेतल्या. त्यानंतर मी तो वाद घातला नाही असं नाही. घातला. पण माझा आवाज पहिल्यासारखा चढला नाही, आणि तुला ते आवडलं नाही. "दया करून राहिलीस का?" असं विचारलंस. मी उत्तर दिलं नव्हतं. आता देते. दया नव्हती. मला भीती वाटली होती तुझी, आणि तुझ्यासाठीसुद्धा.

मुदखेडहून परत आलो तर अजून अपडेट न झालेल्या सर्व्हरला तार जोडलेली. आपण नसताना सरांकडं कुणी पाहुणे आले होते, त्यांना इंटरनेट दाखवायचं म्हणून सरांनी स्वतःच्या हातानं जोडली होती, आणि तशीच ठेवली होती. सराव परीक्षेचे सगळे पेपर त्याच मशीनवर. तू तार इतक्या जोरानं ओढलीस की भिंतीतलं सॉकेट गिलाव्यासकट हातात आलं. सर खालून ओरडत आले. तू म्हणालास, "आता या मशीनवर भरोसा न्हाई. कोण घुसलं, काय ठेवून गेलं, सांगता येत न्हाई. सगळं पुसून नव्यानं टाकावं लागंल." सर म्हणाले, सराव परीक्षा संपू दे. तू नाही म्हणालास. त्यांनी तुला मजुरांसमोर, पोरांसमोर शिव्या दिल्या, तुझ्या जातीधर्मावरून दिल्या, आणि तू मुठी आवळून उभा राहिलास. त्या दिवशी तू हात उचलला नाहीस. मी तुझ्या शर्टाची बाही धरली होती.

मग पेपर फुटला. दुसऱ्या एका क्लासच्या पोरांकडं त्याच्या झेरॉक्स निघाल्या. आता मात्र सरांनी परवानगी दिली, पुसा म्हणाले. पण त्यांना गुन्हेगार हवा होता, आणि त्यांना रेणुका सापडली.

रेणुका कंधारची, बारावीची. बाप चपलांचं दुकान चालवतो. लॅब उघडी असली की येऊन बसायची, तुला प्रश्न विचारून भंडावून सोडायची. पेपर फुटला त्या आठवड्यात ती लॅबमध्ये सगळ्यात जास्त बसली होती, सरांना एवढं पुरलं.

त्या दिवशी सकाळी तू सर्व्हर पुसून नव्यानं टाकलास. पासवर्ड, युजर, सेवा बंद, सगळं माझ्याकडून करून घेतलंस आणि स्वतः मागं हात बांधून उभा राहिलास. पहिली सीडी घातली. तेवढ्यात सर रेणुकाला दंडाला धरून वर घेऊन आले. मागं होस्टेल सांभाळणारे दोघं. सर म्हणाले, "सांग, कुणाला दिलास पेपर." ती म्हणाली, "न्हाई दिला सर." टेबलावर तूच गुंडाळून ठेवलेली नेटवर्कची तार होती. सरांनी ती दुहेरी केली आणि तिच्या पाठीवर ओढली. ती खाली बसली. त्यांनी परत ओढली. तारेच्या टोकाचं प्लास्टिक तिच्या कानाला लागून कान फाटला.

मी "सर" एवढंच म्हटलं. तू त्यांचा हात हवेत धरलास, पिरगळलास, आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या तोंडावर मारलंस. दात पडला. मी तो फरशीवर पाहिला. तू परत मारलंस. मी तुझा तो चेहरा कधी विसरणार नाही अन्वर, कारण तू तेव्हा सरांना मारत नव्हतास, कुठल्यातरी भलत्याच गोष्टीला मारत होतास आणि ती गोष्ट हलत नव्हती. होस्टेलच्या दोघांनी तुला मागून धरलं, लाथा घातल्या, ओढत जिन्याच्या तोंडाशी नेलं. मी एकाच्या पाठीवर बुक्क्या मारत होते. रेणुका रांगत दारापर्यंत आली होती. त्यांनी तुला सोडलं. तू वळलास, लॅबकडं यायला. सर तोंडातलं रक्त पुसत तुझ्यासमोर आले, दोन्ही हात तुझ्या छातीला लावले आणि ढकललं.

कठडा नव्हताच.

मी तुझ्यावर रागावलेली आहे, हेही लिहून टाकते. पहिला फटका पुरे होता. तेवढ्यावर थांबला असतास तर ते बरळत खाली गेले असते आणि तू आज औशाला असतास. मग वाटतं, तू थांबला असतास तर त्या पोरीच्या पाठीवर आणखी किती वळ उठले असते, आणि मी तिथं उभी राहून "सर, सर" करत राहिले असते. याच्या पुढं माझा विचार जात नाही. रोज इथपर्यंत येतो आणि परत फिरतो. तू असतास तर भांडून काहीतरी निकाल लावला असतास.

ठाण्यात पहिला कागद झाला तो अपघाताचा. बांधकामाच्या जिन्यावरून पाय घसरला. सांगणारे सर आणि ते दोघं. तू गेलास त्याच दिवशी संध्याकाळी मी जाऊन खरं सांगितलं. फौजदार वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाई, ते तिघं एक सांगून राहिले, तुम्ही एकट्या दुसरं. अजून कुणी पाहिलंय का?"

रेणुकाला तिचा बाप तुला ढकललं त्याच रात्री कंधारला घेऊन गेला होता.

मी ठाण्यात गेल्याचं कळल्यावर उदगीरला बाबांच्या दुकानावर दगड आला. काचेचं कपाट फुटलं, स्टीलच्या डब्यांना पोचे पडले. फोनवर आई रडत होती. बाबांनी फोन घेतला आणि म्हणाले, "तू पाहिलंस का डोळ्यानं?" मी म्हटलं, हाव. "मग काच बसवून घेतो मी," म्हणाले आणि फोन ठेवला. अन्वर, याच बाबांनी तुला एकदा दुकानाच्या पायरीवरच चहा दिला होता, आत बोलावलं नव्हतं. तू ते मनावर घेतलं होतंस. मला माहीत होतं. आपण त्यावर कधी बोललो नाही.

शाहीन इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या चार महिन्यांत. तिला घराबाहेर पडायचं नाही. म्हणाली, "मला येता येत न्हाई. तू जा. पोरीवर जबरदस्ती नको करू, पण जा."

मी कंधारची बस धरली. दुकान स्टँडजवळच होतं. रेणुकाचा बाप मला बघून उठला, शटर अर्धं खाली ओढलं आणि हात जोडले. "मॅडम, पोरगी परत पाठवायची न्हाई. आमचं नाव कशातच घालू नका. ती लई मोठी माणसं हायेत." मी म्हटलं, मी तिला न्यायला आले नाही, विचारायला आले. तो म्हणाला, विचारायचं काही नाही. आतून रेणुका आली. कानाला टाके. ती बापाला म्हणाली, "मला विचारून राहिल्यात ना? मला बोलू द्या."

बापानं हात उगारला.

ती हलली नाही. डोळेसुद्धा मिटले नाहीत. म्हणाली, "सरांनी मारलं. तुमी बी मारा. मग मी जाते."

तो हात तसाच वर राहिला थोडा वेळ. मग त्यानं तो स्वतःच्या तोंडावर ठेवला आणि चपलांच्या खोक्यांवर बसून रडायला लागला. नंतर त्यानं शटर पूर्ण खाली ओढलं, कुलूप लावलं आणि आमच्याबरोबर लातूरच्या बसमध्ये बसला. रेणुकानं मला विचारलं, सरांनी सर्व्हर बंद केला का तसाच आहे? मी म्हटलं, पोलिसांनी मजल्याला सील लावलंय. ती म्हणाली, मग अपडेट अर्धंच राहिलं असंल. आणि खिडकीकडं तोंड करून बसली.

ठाण्यात तिनं सगळं सांगितलं. न रडता, एकेक गोष्ट. तार कशी दुहेरी केली, तू हात कसा धरलास, तू मारलंस तेही. लपवलं नाही. फौजदार हातानं लिहीत होता. लिहून झाल्यावर कागद तिच्यापुढं सरकवला, इथं सही कर म्हणाला. तिनं सही केली नाही. कागद उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. बाप खालून तिची ओढणी ओढत होता. ती वाचत राहिली. शेवटच्या पानावर बोट ठेवून थांबली.

"हितं तुम्ही लिव्हलंय, झटापटीत अन्वर खाली पडला."

"हाव."

"पडला न्हाई. पाडला."

"एकच की ते," फौजदार म्हणाला.

"एक न्हाई, साहेब."

मग त्यानं पेन घेतलं आणि प-ला एक काना दिला. पुन्हा वाचलं. वाक्य बसेना. पडला म्हटलं की माणूस आपोआप पडतो, पण पाडला म्हटलं की कुणी ते लिहावं लागतं. त्यानं शब्दाच्या आधी एक खूण केली आणि वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरांत मोठ्या सरांचं नाव लिहिलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट.

रेणुकानं ते एकदा वाचलं, आणि सही केली.